साखळीची मालकी कोणाची?

फेब्रुवारी-मार्च महिन्यांत नाशिक जिल्ह्यातील निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत द्राक्षांचा खुडा ऐन भरात असतो. शेजारशेजारच्या दोन बागा. माती एक, पाणी एक, घडांची गोडीही सारखीच. एका बागेतील माल व्यापाऱ्याच्या शब्दावर गाडीत चढतो. पैसे 'नंतर' मिळायचे असतात आणि व्यापारी परागंदा झाल्याच्या तक्रारी पोलीस ठाण्यात वारंवार नोंदल्या जातात. दुसऱ्या बागेतील माल पॅकहाऊसमध्ये जातो, तेथे निवडला जातो, थंड केला जातो आणि रॉटरडॅम बंदराकडे रवाना होतो. दोघा बागायतदारांच्या कष्टांत तसूभरही फरक नसतो. फरक पडतो तो घडाला कात्री लागल्यानंतर. शेतकऱ्याच्या उत्पन्नाची चर्चा मात्र बहुधा त्या कात्रीपाशीच संपते.

'अधिक पिकवा' हा मंत्र देशाने अर्धशतकाहून अधिक काळ जपला. त्याने धान्याची कोठारे भरली, हे मान्यच केले पाहिजे. पण दरम्यान जमिनीचे तुकडे होत गेले. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात पिकांचा वाटा ३,७९८ रुपयांचा, तर मजुरीचा ४,०६३ रुपयांचा. शेतकरी म्हणवणाऱ्या घराला शेतापेक्षा मजुरीने अधिक द्यावे, यापरते विदारक वास्तव कोणते?

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील एका अभ्यासानुसार ग्राहकाने मोजलेल्या रुपयातील कांदा उत्पादकाच्या हाती सुमारे ३६ पैसे आणि टोमॅटो उत्पादकाच्या हाती सुमारे ३३ पैसे पडतात. असे आकडे आले की मध्यस्थांच्या नावाने बोटे मोडली जातात. ते सोपे आहे. पण प्रतवारी, साठवण, वाहतूक आणि नासाडीची जोखीम ही कामे कोणी तरी करतोच, आणि जो करतो तो त्याचा मोबदला घेतो. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला नियमनमुक्त केला. बाजार समितीबाहेरचे दार उघडले. परंतु आठ क्रेट टोमॅटो घेऊन एकटा शेतकरी त्या दारातून जाणार कोठे? मध्यस्थाला हटवण्यापेक्षा त्याचे काम शेतकऱ्यांनी एकत्र येऊन हाती घेणे, हाच खरा उपाय होय.

नाशिकच्या द्राक्षांनी हा धडा मोठी किंमत मोजून गिरवला. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने युरोपने भारतीय द्राक्षे नाकारली. माल परदेशी अडकला आणि कर्जाचा बोजा निर्यातदार व बागायतदारांवर आला. एका बागेतील चुकीची फवारणी साऱ्या जिल्ह्याची पत घालवू शकते, हे त्या हंगामाने शिकवले. आज निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी होते, खुड्यापूर्वी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. 'शाश्वत शेती' हा परिसंवादातला शब्द येथे भावाची अट बनला आहे.

मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री ही शेतकऱ्यांची कंपनी याच काळात घडली. द्राक्ष निर्यातीपासून सुरुवात करून ती टोमॅटो व इतर फळांच्या प्रक्रियेपर्यंत पोहोचली. अवकाळी पावसाने मण्यांना तडे गेले की ताज्या द्राक्षाचा बाजार संपतो. अशा वेळी ज्याच्या हाती प्रक्रियेची सोय आहे, तोच काही वाचवू शकतो. साखळीची मालकी म्हणजे केवळ नफा नव्हे, संकटातला आधारही आहे.

पण येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. २०२२ मध्ये सह्याद्रीच्या प्रक्रिया उद्योगात सुमारे ३१० कोटी रुपयांची गुंतवणूक आली ती युरोपीय संस्थांकडून. उत्पादक कंपनीचा २००२ चा कायदा बाहेरच्यांना सभासद होऊ देत नाही. मालकी शेतकऱ्याकडेच राहावी, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. मग भांडवल कोठून यावे? स्वदेशी बँका तारणाशिवाय दारात उभे करत नसतील, तर परक्या भांडवलाला दोष देण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

केंद्र सरकारने २०२० मध्ये ६,८६५ कोटी रुपयांच्या तरतुदीसह १० हजार शेतकरी उत्पादक संस्था स्थापण्याची योजना जाहीर केली. दहा हजाराव्या संस्थेचा प्रारंभ फेब्रुवारी २०२५ मध्ये झाला. हे यश नोंदणीचे आहे. नोंदणी म्हणजे संघटन नव्हे. अनेक संस्था खते-बियाण्यांच्या दुकानापलीकडे गेलेल्या नाहीत. व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत कमाल १८ लाख रुपये मिळतात. पण बाजारात पाय रोवायला तीन वर्षे पुरत नाहीत. खेळते भांडवल, गोदामातील मालावर तत्परतेने कर्ज आणि जाणकार व्यवस्थापक, या तिन्ही गोष्टींची सोय केल्याखेरीज ही संख्या कागदावरच राहील.

अर्थात सारा भार शासनावर टाकून चालणार नाही. व्यापाऱ्याने किलोमागे दोन रुपये अधिक देऊ करताच सभासद स्वतःच्या कंपनीकडे पाठ फिरवतो, तेव्हा साखळीची पहिली कडी तोच तोडतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा सामान्य शेतकरी कारखान्याचा मालक होऊ शकतो हे सिद्ध झाले. पुढे अनेक कारखान्यांत राजकारण शिरले, सभासद केवळ मतदार उरला आणि उसाने पाण्याचा हिशेब चुकवला. नव्या कंपन्यांनी त्या यशाबरोबर हे अपयशही डोळ्यांसमोर ठेवावे.

शेतकऱ्याला अनुदानाची ओंजळ पुरणार नाही आणि दयाही नको आहे. बांधावर त्याची मालकी पूर्वापार आहे. ती पॅकहाऊसपर्यंत, शीतगृहापर्यंत आणि प्रक्रियेच्या कारखान्यापर्यंत पोहोचली, तर शेजारच्या त्या दोन बागांमधला फरक मिटेल. त्यासाठी बांधाला बांध लागून असलेल्यांनी आधी एकमेकांचा हात धरला पाहिजे.