इतिवृत्त वाचून कायम करणे

मंडळी, महापालिकेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका कधी हातात आली तर पहिला विषय बघा. बहुतेक वेळा तो एकच असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आता यातलं 'वाचून' कुठं होतं ते शोधून दाखवा. नगरसचिव विषय पुकारतात, दोन-चार बाकांवरून 'मंजूर, मंजूर' असा आवाज येतो, महापौर पुढच्या विषयाकडे वळतात. अर्ध्या मिनिटाचा मामला. पत्रकारही तेव्हा चहाला गेलेले असतात.

आणि हीच अर्ध्या मिनिटाची जागा मला सगळ्यात धोक्याची वाटते.

महापालिका अधिनियमात साधी व्यवस्था आहे. सभेत कोण हजर होतं, काय कामकाज झालं, कोणते ठराव झाले हे पुस्तकात उतरवायचं आणि पुढच्या सभेत अध्यक्षस्थानी असणाऱ्याने त्यावर सही करायची. म्हणजे सभागृहात काय बोललं गेलं याला नंतर किंमत नाही, कागदावर काय उतरलं त्याला आहे. ठरावाला क्रमांक पडतो, तो क्रमांक धरून फाईल चालते, निविदा निघते, बिल निघतं. उद्या कोर्टात गेलात तर तिथंही हाच कागद.

त्यात आपल्याकडे एक खास प्रकार आहे, ऐनवेळचे ठराव. विषयपत्रिकेत नाहीत, नगरसेवकांना आधी कागद नाही, सभा संपता संपता येतात. या ठरावांचा वाद आपल्या महापालिकेत जुना आहे, पेपर वाचणाऱ्याला तो नवीन सांगायला नको. सभेत जे बोललंच गेलं नाही ते इतिवृत्तात कसं आलं, हा प्रश्न खुद्द नगरसेवकांनी विचारलेला आहे. पण विचारतात कधी? रस्त्याचं काम सुरू झालं, जागा दिली गेली, की मग. अहो, तुमच्यासमोरच 'कायम' झालं ना ते! तेव्हा वाचलं असतं तर? अर्थात शासनाला कलम ४५१ खाली ठराव निलंबित किंवा विखंडित करता येतो. पण त्यासाठी मुंबईच्या वाऱ्या, आणि तोवर काम झालेलं असतं.

मी हे साव म्हणून सांगत नाही. काही वर्षं मी आमच्या सोसायटीचा सचिव होतो, इतिवृत्त मीच लिहायचो. एकदा पाण्याच्या टाकीच्या खर्चावरून जोरदार वाद झाला. तळमजल्यावरच्या काकांनी कडक विरोध केला, बाकीच्यांनी हात वर केले. घरी येऊन लिहिताना मी 'सर्वानुमते मंजूर' लिहून मोकळा झालो. फसवायचं मनात नव्हतं, फक्त कंटाळा. पुढच्या सभेत काका उभे राहिले. म्हणाले, ''मी त्या दिवशी आलो नव्हतो का रे?'' एवढंच. मला उत्तर सुचलं नाही. माणूस सभेला हजर होता, भांडला होता, आणि माझ्या एका शब्दाने तो नसल्यासारखा झाला होता.

कागदावरच्या ठरावाची ताकद आपल्या शहराएवढी कुणाला माहीत असणार? जून १९९५ मध्ये महापालिकेच्या सभेने शहराचं नाव बदलण्याचा ठराव केला. त्यावरून अधिसूचना, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, पुढे २००१ मध्ये सरकारची माघार, आणि शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये नवं नाव. कुणाला तो पटला, कुणाला नाही, तो वाद इथं नको. पण सभागृहातला एक ठराव शहराला अठ्ठावीस वर्षं पुरला. समांतर जलवाहिनीचंही तसंच. करार रद्द करण्याचा ठराव २०१६ मध्ये झाला, कंपनी कोर्टात गेली, आणि आपण अजून नळाच्या पाळीचा दिवस मोजतोय.

आणि १७ ऑगस्ट २०१८ आठवा. अटलबिहारी वाजपेयींच्या श्रद्धांजलीच्या प्रस्तावाला एका नगरसेवकाने विरोध केला आणि सभागृहातच त्याला मारहाण झाली. व्हिडिओ देशभर फिरला. तो विरोध मला स्वतःला अजिबात आवडला नव्हता. पण ज्याला 'विरोध नोंदवा' म्हणायचंय, त्याच्यासाठी पुस्तकात एक ओळ असते. ती ओळ शाबूत असेल तर हात उचलायची आणि राजदंड पळवायची गरज निम्म्याने कमी होईल, असं आपलं माझं मत.

एप्रिल २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. विषय मांडणारं आणि मंजूर करणारं प्रशासनच, मग विरोध कोण नोंदवणार? पावणेसहा वर्षं गेली. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं आणि एकशेपंधरा जणांचं सभागृह पुन्हा भरलं. त्यातल्या कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा इतिवृत्त हा शब्द ऐकला असेल. त्यात लाज नाही. पण सवयी पहिल्या काही सभांतच लागतात, म्हणून आत्ताच बोलतोय.

मागणं फार नाही. कच्चं इतिवृत्त सभेनंतर आठ दिवसांत वेबसाईटवर टाका. सभेचं रेकॉर्डिंग तिथंच ठेवा, म्हणजे कोण काय बोललं यावर भांडण नको. ऐनवेळचे ठराव वेगळ्या पानावर, सूचक-अनुमोदकांच्या नावासकट, आणि कायम करण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा. तेवढं तरी 'वाचून' होऊ द्या. खर्च म्हणाल तर काहीच नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये तर, समित्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त बघायला मिळतं का, हे कुणी न मागता जाहीर करायला २००५ पासून सांगितलेलं आहे.

आमच्या प्रभागातल्या नगरसेवकांना मी या आठवड्यात भेटणार आहे. एकच प्रश्न विचारणार: मागच्या सभेचं इतिवृत्त तुम्ही वाचलं का? तुम्हीही तुमच्याकडच्यांना विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते मला कळवा. 'कुठलं इतिवृत्त?' असं उत्तर मिळालं तर तेही कळवा.