मालक ‘आपला’ म्हणजे नेमका कोणाचा?

ऑक्टोबर २०२१ मधली गोष्ट. जव्हारच्या बाजारात चहा पीत होतो. ओळखीच्या एका पोराने मोबाइल पुढे धरला. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या मैदानाबाहेर गोरे चाहते अरबी झगे घालून, डोक्याला पंचे गुंडाळून नाचत होते. सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने त्यांच्या क्लबचा ८० टक्के हिस्सा घेतला होता. सौदा सुमारे ३० कोटी पौंडांचा. पोरगा खुशीत म्हणाला, "चाचा, क्लब आता आपल्या लोकांचा झाला!"

मी हसलो आणि चहा संपवला. तेव्हा हसायला नको होतं, बोलायला हवं होतं. ते आज बोलतो.

आपले लोक म्हणजे कोण? २ ऑक्टोबर २०१८ रोजी इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत जमाल खशोगी हा पत्रकार लग्नाचे कागद आणायला गेला. होणारी बायको बाहेर थांबली होती. तो परत आलाच नाही, आतच त्याचा खून झाला. खशोगीही मुसलमान होता आणि ती बाईही. मग शेख तेवढा आपला आणि हे दोघे परके, हे कोणी ठरवलं?

न्यूकॅसलच्या चाहत्यांचं मी समजू शकतो. आधीच्या मालकाने १४ वर्षं त्यांना वैताग आणला होता. तो गेला याचा आनंद होणारच. पण आपल्या पोरांचं काय? त्यांना त्या क्लबचे चार खेळाडूही माहीत नव्हते. त्यांना आनंद झाला तो मालकाच्या नावाचा. आपल्याला इथे रोज कोणीतरी खाली बघायला लावतं, म्हणून दूरच्या श्रीमंताच्या खांद्यावर बसून उंच झाल्यासारखं वाटतं. हे दुखणं खरं आहे. पण औषध खोटं आहे.

आणि हे जव्हार-मोखाड्यात व्हावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. ‘मालक’ या शब्दाचा अर्थ इथल्यापेक्षा चांगला कोणाला कळतो? दिवाळी झाली की इथली आदिवासी कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. आधी बयाणा घ्यायचा आणि मग महिनोन्‌महिने तो फेडत राबायचं. या जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी माणसं लग्नगडी म्हणून राबली आहेत. तलासरी-उंबरगावकडच्या वारल्यांना १९४५ साली वेठ नाकारायला बंड करावं लागलं. आखाती देशांत कफाला पद्धतीत मजुराचा मुक्काम आणि नोकरी मालकाच्या हातात असते. पासपोर्ट काढून घेतल्याच्या, पगार अडकवल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत आहेत. त्या मजुरांत आपल्या कोकणातले मुसलमानही आले. घाम वाळण्याआधी मजुराला मजुरी द्या, ही शिकवण आपल्या नबींची आहे. ती पाळतो की नाही, एवढ्यावरच मालक आपला की परका ते ठरवा.

कोणी म्हणेल, पाश्चात्त्यांचा पैसा काय दुधाने धुतलेला आहे? मुळीच नाही. अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने २००५ साली मँचेस्टर युनायटेड घेतलं आणि खरेदीसाठी काढलेलं कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. मालक अरब असला तरच ज्यांना नीतिमत्ता आठवते, त्यांचा ढोंगीपणा मलाही दिसतो. पण त्यांचं ढोंग हे आपल्या गप्प बसण्याचं कारण होऊ शकत नाही.

जवळचं उदाहरण घ्या. अबूधाबीच्या शेख मन्सूर यांच्या हाती बहुतांश मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. तेव्हाही ‘आपला शेख’ म्हणून मेसेज फिरले. चषक आले, हे मान्य. पुढे इंडियन सुपर लीगचं भवितव्य अधांतरी झालं आणि डिसेंबर २०२५ मध्ये कंपनी आपला हिस्सा मूळ मालकांकडे सोपवून निघून गेली. अंधेरीच्या स्टँडमध्ये वर्षानुवर्षं घसा फोडणाऱ्याला कोणी विचारलं नाही. येतानाही नाही, जातानाही नाही. हिशेब जमला तोवर थांबले, एवढंच.

अभिमानच हवा असेल तर कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगचा धरा. १८९१ चा हा क्लब. १९३४ ते १९३८ सलग पाच वर्षं त्याने कलकत्ता लीग जिंकली, तीही इंग्रजांच्या राज्यात. कोण्या शेखाने तो विकत घेतला नव्हता. हा क्लब २०२४ मध्ये सुपर लीगमध्ये पोचला, पण गुंतवणूकदारांचे वाद आणि खेळाडूंचे थकलेले पगार याच बातम्या येत राहिल्या. त्यासाठी आपल्यातल्या किती जणांना वाईट वाटलं?

दुसरा रस्ता आहे. ग्लेझरांना कंटाळलेल्या मँचेस्टरच्या चाहत्यांनी २००५ मध्येच स्वतःचा वेगळा क्लब काढला. तिथे सभासद हाच मालक आणि प्रत्येकाला एकच मत. जर्मनीत साधारण नियमच आहे की क्लबमधली निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हाती राहावीत. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मोखाड्याचा बोहाडा गावाचा असतो. सोंगं नाचवणारे गावातलेच आणि बघणारेही गावातलेच. उद्या कोणी शेठ तो विकत घ्यायला आला, तर गाव त्याच्यापुढे नाचेल का?

तो पोरगा आता मोठा झाला आहे. पुन्हा कोणी श्रीमंत एखादा क्लब घेईल आणि तो मोबाइल घेऊन माझ्याकडे येईल. त्याला मी मालकाचं नाव विचारणार नाही. विचारीन, मजुरी वेळेवर देतो का? आणि बाळा, त्या क्लबात तुझं मत किती?