पहिले पाऊल सहकार्याचे

१९८० च्या सुमारास अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकावर एक स्पर्धा भरवली. प्रत्येक खेळाडूपुढे दोनच वाटा होत्या: साथ किंवा दगा. एकाच डावात दगा फायद्याचा. पण इथे तेच दोघे पुन्हा पुन्हा समोरासमोर येणार होते. तज्ज्ञांनी पाठवलेल्या १४ डावपेचांत जिंकला तो अनातोल रापोपोर्ट यांचा, सर्वांत साधा: सुरुवात सहकार्याने करा, मग समोरचा जसा वागेल तसे वागा. दुसऱ्या फेरीत ६२ डावपेच आले, तरी पहिला तोच.

माणसे पुन्हा भेटणार असतील, तर सहकार्य टिकते. खानदेशातील सिंचनाची फड पद्धत याच बळावर टिकली. पांझरेसारख्या नद्यांवर बंधारे, शिवाराचे फड म्हणजे भाग, आणि पाणी देणारा गावाने नेमलेला पाटकरी. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या अशा व्यवस्था अभ्यासल्या. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता: नियम ठरवण्यात लोकांचा वाटा हवा, देखरेख हवी आणि चुकणाऱ्याला आधी सौम्य शिक्षा हवी.

आज बोअरवेल ज्याची त्याची आहे, पण जमिनीखालचे पाणी सगळ्यांचे आहे. म्हणून वाचकहो, गावात असा वा सोसायटीत, पाण्याचा हिशेब एकत्र मांडायला शेजाऱ्याची वाट पाहू नका. ॲक्सेलरॉड यांच्या पहिल्या स्पर्धेत पहिल्या आठ क्रमांकांचे सगळे डावपेच आपणहून आधी दगा न देणारे होते.