रक्ताचे वय बीडमध्येही मोजा

माणसाचे वय आपण जन्मतारखेवरून मोजतो. शास्त्रज्ञ आता ते रक्तावरूनही वाचू लागले आहेत. या वाचनाचा पाया मात्र मुख्यतः ब्रिटन-अमेरिकेतील लोकांच्या रक्तावर उभा आहे. ज्यांचे शरीर कष्टाने लवकर झिजते, अशा बीडच्या ऊसतोड महिलांना त्यात स्थान मिळायला हवे, आणि ते मिळवून देणे आपल्या हातात आहे.

आधी रक्ताचे गणित समजून घेऊ. हाडांच्या पोकळीतील मज्जेत रक्ताच्या मूलपेशी असतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स या सगळ्यांचा उगम तिथेच. एकट्या तांबड्या पेशीच रोज सुमारे २०० अब्ज तयार होतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवानी यांनी देशातील पहिले यशस्वी मज्जा प्रत्यारोपण केले, तेही याच मूलपेशींच्या भरवशावर.

वय वाढते तसे या मूलपेशींच्या जनुकांत बारीक बदल साचतात. एखाद्या बदलामुळे एक मूलपेशी इतरांपेक्षा जोमाने वाढते आणि रक्ताचा मोठा हिस्सा तिच्याच वंशाचा होतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांनुसार सत्तरीनंतर दहापैकी एकाहून अधिक जणांत असे वंश आढळतात. यातून रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतोच. पण या पेशी दाह वाढवत असल्याने हृदयविकाराचा धोकाही वाढतो. शिवाय म्हातारी मज्जा लढाऊ लिम्फोसाइट पेशी कमी बनवते. वृद्धांना न्यूमोनिया जड जातो आणि लशींचा परिणाम कमी होतो, त्याचे हे एक कारण आहे.

बीडचा संबंध इथे येतो. २०२१ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतील १९ हजारांहून अधिक महिलांच्या अभ्यासात असे दिसले, की चाळिशीच्या आत पाळी कायमची गेलेल्या महिलांत रक्तातील हे बदल जास्त होते. पाळी आपोआप गेलेल्यांत हा संबंध ठळक होता. शस्त्रक्रियेमुळे गेलेल्यांत तो तितका स्पष्ट नव्हता.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडमधील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढल्याचे आढळले. अनेकींची ही शस्त्रक्रिया चाळिशीच्या आत झाली होती. नुसती पिशवी काढली म्हणजे शरीरातील संप्रेरके लगेच थांबतात असे नाही. पण सोबत अंडाशयही काढले, तर थांबतात. त्यात पहाटेपासूनची तोड, डोक्यावर मोळी, अपुरे अन्न आणि पाचटाच्या कोपीतले सहा महिने. या सगळ्याने रक्त किती लवकर म्हातारे होते? याचे उत्तर लंडन किंवा बोस्टनच्या आकडेवारीत सापडणार नाही.

महाराष्ट्रात या विषयाचे जाणकार नाहीत असे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले, की तरुण मज्जेतील आधारपेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुटिका उंदरांच्या म्हाताऱ्या मूलपेशींना पुन्हा उभारी देतात. काम मोलाचे आहे. पण ते उंदरांवरचे. त्याचा आधार घेऊन कुणी ‘मूलपेशींनी तारुण्य’ विकत असेल, तर वाचकांनी त्याच्या दारात जाऊ नये.

अडचण संशोधनाच्या रचनेत आहे. पीएचडीनंतरचे, म्हणजे पोस्टडॉक संशोधन बहुधा दोन-तीन वर्षांच्या करारावर चालते. माणसांचे रक्त म्हातारे होताना पाहायला मात्र दहा-वीस वर्षे लागतात. साहजिकच होतकरू तरुण उंदरांकडे किंवा परदेशातील तयार आकडेवारीकडे वळतात. दोष त्यांचा नाही. लोकांशी दीर्घकाळचे नाते संस्थेने ठेवायचे असते. संशोधक येतील आणि जातील.

हे आपल्याकडे झालेले आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. त्या मातांची मुले मोठी झाली, तरी तो चालू राहिला. भारतीयांच्या मधुमेहाबद्दल जगाला त्यातून नवे कळले. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पुण्याच्या प्रयोगशाळांना जोडून घेऊन असाच अभ्यास उभा करू शकते. मजूर सहा महिने बाहेर असतात हे खरे. पण पाडव्याच्या आसपास ते गावी परततात. दरवर्षी तेव्हाच त्यांना भेटता येईल.

यावर कुणी म्हणेल, जिच्या अंगात रक्तच कमी, तिची जनुके कसली तपासता? आक्षेप योग्य आहे आणि उत्तरही त्यातच आहे. एकदाच रक्त घ्यावे. त्यातून हिमोग्लोबिन आणि साखर लगेच तपासावी, रक्तदाबही पाहावा, उपचार त्याच आठवड्यात सुरू करावेत आणि उरलेला नमुना पुढील अभ्यासासाठी गोठवून ठेवावा. उपचाराविना नुसता नमुना नेणार असतील, तर गावाने खुशाल नकार द्यावा.

आणि संमती खरी असावी. यातील अनेक बायकांच्या शरीराचा निर्णय आजवर कर्करोगाची भीती घालून किंवा खाडा परवडत नाही म्हणून घेतला गेला आहे. त्यांना या वेळी मराठीत, निवांत बसून, घरच्यांसमोर आणि एकटीलाही विचारले पाहिजे. अभ्यासात काय सापडले, तेही गावात येऊन सांगितले पाहिजे.

राज्याची साखर ज्यांच्या कष्टावर तयार होते, त्यांच्या झिजेची नोंद विज्ञानाच्या वहीत व्हावी, एवढीच ही मागणी आहे.