तक्रारदार आपण, मोजणारे दुसरेच

बारावीचा निकाल लागला की पालघर-बोईसरच्या घराघरांतून एक वाक्य ऐकू येतं, "एन्व्हायर्नमेंटलला स्कोप नाही." दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात कुणी असं म्हणालं तर समजू शकतो. बोईसरमध्ये बसून असं म्हणणं हे मात्र रुग्णांनी भरलेल्या वॉर्डात उभं राहून डॉक्टरकीला भविष्य नाही म्हणण्यासारखं आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या १०० औद्योगिक पट्ट्यांची तपासणी केली आणि हवा, पाणी, जमीन यांचा एकत्र विचार करून १०० पैकी गुण दिले. ७० च्या वर गेलेला पट्टा अतिप्रदूषित. तारापूरला ९३.६९ मिळाले. देशात पहिला नंबर. आपल्या जिल्ह्याचं नाव देशात पहिलं आलं ते या यादीत, आणि त्याच जिल्ह्यात पर्यावरण अभियांत्रिकीला स्कोप नाही!

माझं घर मासवणचं. सूर्या नदीचं पाणी जिथे पंपांनी उचललं जातं तेच मासवण. इथून उचललेलं पाणी पालघरला जातं, धुकटणच्या शुद्धीकरण केंद्रातून वसई-विरारला जातं. तारापूरचे कारखानेही सूर्येवरच चालतात. कारखान्यांत गेलेलं पाणी वापरून झाल्यावर सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून नवापूरच्या समुद्रात पोचतं. म्हणजे एकाच नदीचं एक टोक मासवणला आणि दुसरं नवापूरला. पहिल्या टोकाला आपण पाण्याला पिण्यालायक म्हणतो, दुसऱ्या टोकाला मांगेला कोळी त्याच पाण्यावर मेलेले मासे पाहतात. या दोन टोकांच्या मध्ये पाण्याचं काय होतं हे समजून घेण्याच्या शास्त्राला पर्यावरण अभियांत्रिकी म्हणतात. यापेक्षा अवघड व्याख्येची गरज नाही.

नवापूर, मुरबे, सातपाटी, दांडी या गावांनी काही कमी सोसलेलं नाही. अखेर अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. बाहेरून तज्ज्ञांची समिती आली, तिने नमुने घेतले, नोंदी तपासल्या, अहवाल दिला. २०२२ च्या जानेवारीत लवादाने शंभराहून जास्त कारखान्यांवर आणि प्रक्रिया केंद्रावर कोट्यवधींची भरपाई बसवली. कोळ्यांची चिकाटी मोठी, तिला सलाम. पण या सगळ्या प्रकरणात कोण कुठल्या खुर्चीवर होतं ते एकदा नीट पाहा. तक्रार करणारे इथले. मोजणारे, आकडा लिहिणारे आणि त्या आकड्याचा अर्थ सांगणारे बाहेरचे. कोळ्याला पाण्याच्या वासावरून कळतं की काल रात्री काहीतरी सोडलं. त्याचं हे ज्ञान खरं आहे, पण लवादापुढे वास चालत नाही. तिथे आकडा लागतो.

आणि आकडा वाटतो तितका सरळ नसतो. सांडपाण्यातला जैविक भार मोजायचा तर नमुना २७ अंश तापमानात तीन दिवस ठेवावा लागतो आणि त्यातला ऑक्सिजन किती कमी झाला ते पाहावं लागतं. नमुना कुठे घेतला, भरतीला घेतला की ओहोटीला, बाटलीत हवा राहिली का, प्रयोगशाळेत पोचायला किती तास गेले, यावर आकडा बदलतो. ज्याला हे माहीत नाही त्याच्या हातात कुणीही कसलाही अहवाल ठेवावा.

मी संगणक अभियंता आहे. आकडे गोळा करणं, साठवणं, पडद्यावर दाखवणं हे माझं रोजचं काम. केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मोजणी यंत्रं बसवायला सांगितलं. यंत्रं बसली, आकडे चोवीस तास सर्व्हरवर येऊ लागले. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना वाटलं, आता प्रश्न मिटला. पण सर्व्हरला फक्त आकडा दिसतो. यंत्राची दांडी सांडपाण्यात आहे की स्वच्छ पाण्याच्या बादलीत, हे सर्व्हरला कळत नाही. पाळी बदलली, माल बदलला, तरी सहा तास रेघ सरळच का, हा प्रश्न सर्व्हर स्वतःहून विचारत नाही. तो विचारायला सांडपाण्याचं रसायन कळणारं माणूस समोर लागतं. माझ्यासारखे हजार संगणकवाले मिळून त्या एका माणसाची जागा भरू शकत नाहीत.

माझे अब्बा तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यात पाळीवर होते. तिथलं सांडपाणी सांभाळणारा माणूस दहावी शिकलेला. कुठल्या रंगाचं पाणी आलं की चुना किती टाकायचा, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. तो प्रामाणिक होता, कष्टाळू होता. पण सांडपाणी शुद्ध करतात ते चुन्यापेक्षा जास्त सूक्ष्मजीव. ही पद्धत १९१४ मध्ये मँचेस्टरला शोधली गेली आणि आजही जगभर बहुतेक ठिकाणी तीच वापरतात. टाकीत सूक्ष्मजीव वाढवायचे, त्यांना हवा द्यायची, ते घाण खातात. मात्र त्यांना एकदम आम्ल दिलं, क्षार दिले, औषधाचा किंवा रंगाचा जहाल भार दिला, तर ते मरतात. मग पुढचे कित्येक दिवस पाणी टाकीतून नुसतं वाहून जातं. एका कारखान्याने रात्री केलेली चोरी सामुदायिक केंद्रातली सगळ्यांची टाकी मारू शकते. हे कळण्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, प्रवाहशास्त्र आणि कायदा एकाच डोक्यात असावे लागतात. सिव्हिलच्या पदवीत यासाठी एक-दोन विषय मिळतात. चार वर्षांची स्वतंत्र पदवी नेमकं हेच शिकवते.

माझ्या आपाच्या मुलीने यंदा हीच शाखा घ्यायचं मनात आणलं आहे. घरात जी चर्चा झाली ती तुमच्याही घरात होत असेल, म्हणून तिच्यातले मुद्दे इथे मांडतो.

पहिला मुद्दा दुल्हाभाईंचा. "आधी सिव्हिल किंवा केमिकल करू दे, मग एम.टेक.ला पर्यावरण घेईल." हा सल्ला मोठमोठे प्राध्यापकही देतात. पाया रुंद हवा, विशेष अभ्यास नंतर, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं वरवर शहाणपणाचं आहे. गेटच्या परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे, व्हीजेटीआयसारख्या संस्थेत एम.टेक. आहे, हेही खरं. पण मला एक सांगा, संगणकाच्या विद्यार्थ्याला कुणी म्हणतं का, की आधी इलेक्ट्रिकल कर आणि मग संगणकाकडे ये? संगणकाचा पायाही विजेतच आहे. तरी आपण त्याला पहिल्या वर्षापासून वेगळी शाखा दिली, कारण बाजाराला लाखोंनी माणसं हवी होती. रुंद पायाची आठवण आपल्याला फक्त तिथेच होते जिथे माणसं नको असतात.

शिवाय हे 'नंतर' कुणाच्या वाट्याला येतं? पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या घरात चार वर्षांची फी कशीबशी निघते. वर आणखी दोन वर्षं म्हणजे दोन वर्षांची फी आणि दोन वर्षांचा बुडालेला पगार. मुलगी असेल तर त्या दोन वर्षांत तिच्या लग्नाचा विषय निघतो आणि बहुतेक घरांत तोच जिंकतो. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. जे शास्त्र फक्त पदव्युत्तर वर्गात शिकवलं जातं ते नवापूरच्या कोळ्याच्या मुलापर्यंत, डहाणूच्या वारली मुलीपर्यंत, बोईसरच्या चाळीतल्या अन्सारींच्या पोरापर्यंत पोचत नाही. ते पोचतं ज्यांच्या घरात सहा वर्षं शिकवायची ऐपत आहे त्यांच्यापर्यंत, आणि अशी घरं कारखान्याच्या भिंतीला लागून नसतात. ज्याच्या अंगावर धूर येतो त्याला मोजपट्टी मिळू नये, अशीच ही रचना झाली आहे. कुणी मुद्दाम केली असेल वा नसेल, परिणाम तोच.

दुसरा मुद्दा नोकरीचा, आणि तो खोटा नाही. या शाखेतून बाहेर पडल्यावर पहिला पगार संगणकवाल्यापेक्षा कमी असतो. हे लपवून मुलांना पाठवणं म्हणजे फसवणूक. पण नोकऱ्या कमी का आहेत? काम नाही म्हणून? देशभरातल्या राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांत मंजूर पदांपैकी निम्म्याच्या जवळपास रिकामी आहेत. काम पडून आहे, पदं मंजूर आहेत, माणसं नेमलेली नाहीत. याला 'स्कोप नाही' म्हणत नाहीत, सरकारची टाळाटाळ म्हणतात. सरकारने टाळलेली जबाबदारी आपण मुलीच्या आवडीवर ढकलतो आणि स्वतःला व्यवहारी समजतो.

सरकारी नोकरी सोडली तरी काम आहेच. कारखान्यांची आणि सामुदायिक प्रक्रिया केंद्रं, नगरपालिकांचं पाणी आणि कचरा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, पर्यावरणीय परिणामांचे अहवाल. सेबीने सर्वांत मोठ्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल देणं बंधनकारक केलं आहे. हे अहवाल आज बरेचदा वाणिज्य शाखेचे लोक बसून लिहितात. आकडा कुठून आला हे सांगू शकणारं माणूस त्यांच्या टेबलावर हवं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त बोचला. एक नातेवाईक म्हणाले, "पर्यावरण वगैरे ठीक आहे, पण आपल्या समाजापुढे आधीच कमी प्रश्न आहेत का? हा काही मुस्लिमांचा प्रश्न नाही." हे मी याच चळवळीच्या बैठकांतही ऐकलं आहे, म्हणून इथे लिहितो. तारापूरच्या धुराला धर्म कळत नाही. रासायनिक कारखान्यांत जोखमीचं काम कंत्राटी मजूर करतात, त्यात बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले मुस्लिम आहेत, हिंदू आहेत, इथले आदिवासी आहेत. बोईसरच्या मशिदीत वुजूला जे पाणी येतं आणि शेजारच्या देवळात जे पाणी येतं ते एकाच नळाचं. आपण नागरिक म्हणून हक्क मागतो ना? मग आपल्या राज्यघटनेने सांगितलेल्या मूलभूत कर्तव्यांत पर्यावरण जपण्याचं कर्तव्य आणि वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगण्याचं कर्तव्य एकापाठोपाठ एक येतात, तेही आपलंच आहे. तलाकवर, शिक्षणावर, प्रतिनिधित्वावर बोलणारी चळवळ पाण्यावर गप्प राहिली तर तिचं नागरिकत्व अर्धंच राहील.

आता मागण्या. त्या मोघम ठेवत नाही.

एक, पालघर तालुक्यात इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत. एक वेवूरला, मासवणकडे येणाऱ्या मनोर रस्त्यावर, एक बोईसर-चिल्हार रस्त्यावर. या भागात पर्यावरण अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी हवी. ही काही हवेतली कल्पना नाही. धनबादला, दिल्लीला ही पदवी आहे, पवईच्या आयआयटीतही बी.टेक. आहे. कोल्हापूरच्या केआयटीने ती अनेक वर्षं शिकवली. त्या शहरांना प्रयोगशाळा बांधावी लागते, आपल्याकडे ती आयती आहे. पहिल्या वर्षी मासवणचे पंप दाखवा, दुसऱ्या वर्षी धुकटणचं शुद्धीकरण, तिसऱ्या वर्षी तारापूरचं प्रक्रिया केंद्र, चौथ्या वर्षी नवापूरचा किनारा. देशात कुठल्याच कॉलेजला असा अभ्यासक्रम दाराशी मिळणार नाही.

दोन, राज्य मंडळाचा सदस्य-सचिव प्रदूषण नियंत्रणाच्या वैज्ञानिक, अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापकीय बाजूंचं ज्ञान आणि अनुभव असलेला असावा, असं १९७४ चा जल कायदा सांगतो. हाच न्याय खालपर्यंत लावा. लाल श्रेणीतल्या प्रत्येक कारखान्यात पात्र पर्यावरण अभियंत्याची सही असल्याशिवाय सांडपाण्याचा अहवाल ग्राह्य धरू नये. कारखान्यात बॉयलरसाठी पात्र माणूस लागतो. समुद्रात जाणाऱ्या विषासाठी नको?

तीन, आपल्या समाजाचे ट्रस्ट दरवर्षी शिष्यवृत्त्या देतात, सत्कार करतात. त्यातल्या काही या शाखेसाठी राखून ठेवा, आणि मुलींना आधी द्या. त्यांच्या बापाला 'स्कोप'ची भीती वाटते तेव्हा त्याला उपदेशापेक्षा फीची पावती जास्त धीर देते.

काही जण विचारतील, तू स्वतः संगणकात कमावतोस आणि दुसऱ्यांच्या मुलांना सांडपाण्यात पाठवतोस? हो, पाठवतो. मी संगणकाने पोट भरतो आणि त्याची मला लाज नाही. पण या पट्ट्यात माझ्यासारखे घरटी एक झाले आहेत. सूर्येचं पाणी आणि नवापूरचा समुद्र मोजू शकणारं घरातलं माणूस मात्र शोधून सापडत नाही. बाहेरचा तज्ज्ञ येतो, नमुना घेतो, लोकल पकडून जातो. रात्री दोन वाजता पाण्याचा रंग बदलतो तेव्हा तो इथे नसतो. इथलं पोर असतं.

प्रवेशाचे अर्ज भरायची मुदत अजून गेलेली नाही. तुमच्या मुलीने ही शाखा पहिल्या क्रमांकावर टाकली असेल, तर कृपा करून ती खाली सरकवू नका.