लाल बॉनेट आणि ९एचची पेन्सिल

फर्स्ट इयरला इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या शीट्स ज्यांनी घासल्या आहेत, त्यांना ‘एच’ म्हणजे काय हे सांगायला नको. कन्स्ट्रक्शन लाइन २एचने, आउटलाइन एचबीने. एचच्या आधीचा आकडा जितका मोठा, तितकं शिसं कडक. आता शहरातल्या कुठल्याही कार डिटेलिंग स्टुडिओसमोर उभे राहा. काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसेल, ‘९एच सिरॅमिक कोटिंग’. हे ९एच म्हणजे तीच पेन्सिल. रंगवलेल्या पत्र्यावर ४५ अंशांच्या कोनात, ठरावीक वजनाखाली पेन्सिल ढकलायची आणि कितव्या नंबरला ओरखडा उठतो ते पाहायचं, अशी रंग उद्योगातली ही जुनी चाचणी आहे. पण काउंटरवर ती अशा थाटात सांगितली जाते की ऐकणाऱ्याला वाटतं, हिरा दहा नंबरवर आणि आपली गाडी त्याच्या एकच पायरी खाली! ते दहाचं माप वेगळं, खनिजांचं. मोह्सचं. त्या मापावर वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर येतं. पेन्सिलचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि माती. वाळूपुढे त्याची काय डाळ शिजणार?

हा विषय या पानावर कशाला, असं वाटेल. स्पोर्ट्स कार आपल्यापैकी कितीजणांच्या दारात आहे? पण घरात नवी गाडी येते तेव्हा रंग, व्हेरियंट, ॲक्सेसरीज कोण ठरवतं? तुम्हीच. बाबा हप्ता बघतात, तुम्ही रील बघता. शिवाय पहिल्या पगारातून सेकंडहँड पोलो जीटी घेऊन तिला लालभडक रंग मारून घेणारे आपल्यातच आहेत. (चाकणला बनणारी पोलो २०२२ मध्ये बंद झाली, पण पुण्याच्या कॉलेजांच्या पार्किंगमध्ये तिला अजूनही स्पोर्ट्स कारचाच मान आहे. त्यावर वाद घालू नका.) ताजा रंग, झळाळणारं बॉनेट आणि समोर कोटिंगचा रेट कार्ड. हॅचबॅकला साधारण १५-२० हजारांपासून सुरुवात होते आणि खऱ्या स्पोर्ट्स कारसाठी प्रकरण लाखाच्या घरात जातं. एवढे पैसे देताना आपण नेमकं काय विकत घेतोय, हे कळायला हवं की नको?

आधी कोटिंगच्या बाजूने बोलूया, कारण ती वस्तू खोटी नाही. बाटलीतल्या द्रावात सिलिकॉनची संयुगं असतात. रंगावर पसरली की त्यातलं सॉल्व्हंट उडून जातं, उरलेलं हवेतल्या ओलाव्याशी आणि खालच्या पृष्ठभागाशी जोडलं जातं आणि काचेच्या जातकुळीतला एक पातळ थर तयार होतो. मेणासारखा तो उन्हात वितळत नाही, शाम्पूने सहज निघत नाही. पाणी थेंब होऊन घरंगळतं, धूळ कमी चिकटते, चिखल पटकन सुटतो. पक्ष्याची विष्ठा किंवा झाडाचा चीक पडला तर पुसायला थोडा जास्त वेळ मिळतो. गाडी धुणं सोपं होतं, हा त्याचा खरा फायदा. हे एवढंच सांगून विकलं तरी माझ्या मते ते विकलं जाईल.

पण सांगितलं जातं ते भलतंच. ‘स्क्रॅच-प्रूफ’, ‘लाइफटाइम’, ‘गाडीला काचेचं चिलखत’. चिलखताची जाडी किती? साधारण एक-दोन मायक्रॉन, कधी त्याहूनही कमी. आपला केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे कोटिंग हा काजूकतलीवरचा वर्ख झाला. वर्खाने मिठाई दिसते छान, कडक होत नाही. एक्स्प्रेस वेवर पुढच्या ट्रकच्या टायरमधून उडालेला खडा बॉनेटवर बसला तर कोटिंगसकट रंग उडतो. खालच्या नाकाच्या स्पोर्ट्स कारला तर असे खडे आधी लागतात. खड्यांसाठी वेगळी वस्तू असते, पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे पीपीएफ. ती दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीची प्लास्टिकची फिल्म असते आणि बरीच महाग पडते. कोटिंगच्या किमतीत फिल्मचं काम होईल असं जो सांगतो, त्याच्याकडून निघालेलं बरं.

आता खरी गोम. पैसे कोटिंगचे घेतले जातात, पण मेहनत कोटिंगच्या आधीची असते. गाडी उन्हात उभी करून तिरकी बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतील. त्यांना स्वर्ल म्हणतात. या रेषा धुण्या-पुसण्यातूनच पडतात. सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारा एकाच बादलीत, एकाच फडक्याने वीस गाड्या पुसतो. पहिल्या गाडीवरची वाळू विसाव्या गाडीवर फिरते. त्याचा दोष नाही, आपण त्याला महिन्याला जे देतो त्यात दोन बादल्या बसत नाहीत. शोरूममधून आलेल्या कोऱ्या गाडीवरही स्वर्ल असू शकतात, कारण डिलिव्हरीच्या सकाळी तिथेही घाईत धुणं-पुसणं होतंच.

या रेषा काढायच्या तर मशिनने क्लिअर कोट घासावा लागतो. पेंट करेक्शन म्हणतात ते हेच. गॅरेजवाल्यांच्या भाषेतल्या रबिंग-पॉलिशची ही शिकलेली आवृत्ती. नीट केलं तर काही मायक्रॉन जातात आणि आरसा मिळतो. उतावळेपणाने केलं तर कडांवरचा थर पार उडतो, आणि तो परत आणता येत नाही. पुन्हा रंगच मारावा लागतो. एका स्टुडिओत बसून मी हे काम पाहिलं. एका बॉनेटवर कारागीर अख्खी सकाळ होता. आधी शाम्पू, मग रुतलेले कण ओढून काढायला क्ले, मग जाडी मोजायच्या यंत्राने जागोजागी रीडिंग, मग एक छोटा चौकोन घासून टॉर्चखाली तपासणं, आणि मग कुठे पॉलिशरचा आवाज सुरू. शेवटी अल्कोहोलने तेल पुसलं. कोटिंग लावायला त्या मानाने किती कमी वेळ लागला! मात्र त्या वेळात नजर हलवायची सोय नसते. लावलेला पट्टा ठरावीक मिनिटांत पुसला नाही तर डाग जागीच घट्ट बसतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ती मिनिटंही कमी होतात. असं काम चोख करायला दोन-तीन दिवस लागतात. ‘सकाळी द्या, दुपारी न्या’ म्हणणारा यातलं काय गाळतोय हे विचारा. कारण रेषा न काढता कोटिंग केलं तर त्या रेषांवरच थर बसतो. मग त्यांच्यासकट मिरवा.

ताज्या रंगाचं तर आणखी वेगळं. कारखान्यात नुसती बॉडी भट्टीत जाते, सुमारे १४० अंशांवर भाजली जाते. त्यामुळे नव्या गाडीचा रंग पक्का होऊनच येतो. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये वायरी, प्लास्टिक, टाकी सगळं जागेवर असतं. तिथे साठेक अंशांच्या वर जाता येत नाही, आणि साध्या गॅरेजात तेवढीही भट्टी नसते. हाताला कोरडा लागला तरी आतलं सॉल्व्हंट पुढचे काही आठवडे बाहेर पडत राहतं. त्यावर लगेच कोटिंगचं झाकण बसवलं तर रंग धड पक्का होत नाही, निस्तेज पडू शकतो किंवा फोड येऊ शकतात. साधारण महिनाभर थांबा, असं जाणकार सांगतात. रंगाच्या कंपनीची सूचना असेल तर तीच पाळा. ‘रंग आणि कोटिंग एकाच आठवड्यात, पॅकेज डील’ ही ऑफर म्हणूनच मला डेंजर वाटते. आणि सेकंडहँड गाडी असेल तर ते जाडी मोजायचं यंत्र आणखी एक गंमत करतं: बाकी गाडीवर १२० आणि एकाच दरवाजावर ४०० दिसलं, तर त्या दरवाजात लांबी भरलेली आहे. विकणाऱ्याने ठोकलेली गाडी सांगितली नव्हती, ते मशिन सांगतं.

आता रील्स. बॉनेटवर लायटरची ज्योत, मार्करच्या रेषा, बादलीभर पाणी आणि स्लो मोशनमध्ये पळणारे थेंब. भारी दिसतं, मान्य. पण तीच ज्योत कोटिंग नसलेल्या बॉनेटवर तेवढाच वेळ धरून कुणी दाखवलंय? बारावीच्या प्रॅक्टिकललासुद्धा तुलनेसाठी दुसरी परीक्षानळी असते. थेंब तर ताज्या मेणावरही असेच पळतात. शिवाय थेंबांची दुसरी बाजू रीलमध्ये येत नाही. वाघोली-उंड्रीकडे टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने गाडी धुऊन उन्हात सोडली, तर प्रत्येक थेंब जागीच सुकतो आणि क्षारांचा पांढरा गोल मागे ठेवतो. कोटिंग असो वा नसो, डाग पडतात. गोल थेंबात तर क्षार एकाच ठिकाणी गोळा होतात. त्यावर उपाय एकच, सावलीत धुवा आणि लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या.

रील करणाऱ्याच्या गाडीचं कोटिंग फुकट झालं असेल तर तसं सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सर्ससाठी नियम आणले, जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे, भेट, फुकट सेवा, काहीही मिळालं असेल तर जाहिरात असल्याचं ठळक दिसलं पाहिजे. आपल्यातले अनेकजण आता स्वतः कॅमेऱ्यापुढे असतात. दहा हजार फॉलोअर्सवर फुकट कोटिंग मिळतंय म्हणून ‘स्क्रॅच-प्रूफ आहे रे’ बोलून टाकणाऱ्या मित्राला हे तुम्ही सांगायला हवं. ते ऐकून पैसे भरणारा त्याच्याच वर्गातला असतो.

आणि त्या स्टुडिओत पॉलिशर धरणारा मुलगाही बहुतेक आपल्याच वयाचा असतो. धूळ येऊ नये म्हणून दारं बंद, आत सॉल्व्हंटचा वास, पॉलिशची भुकटी. मालकाच्या खुर्चीमागे कंपनीची सर्टिफिकेट्स लटकलेली असतात, पण मुलाच्या तोंडावर साधा रुमाल. वाफेसाठी फिल्टरचा मास्क लागतो, रुमाल नाही. हातात ग्लोव्ह्ज लागतात. गाडी देण्याआधी एकदा आत डोकावा. ज्याला आपल्या कारागिराच्या फुप्फुसांची पर्वा नाही, तो तुमच्या क्लिअर कोटचे मायक्रॉन जपून घासेल यावर माझा तरी विश्वास नाही.

राहिली वॉरंटी. ‘पाच वर्षं’ हे तोंडी असतं, अटी कार्डच्या मागे बारीक अक्षरांत. ठरावीक महिन्यांनी त्याच स्टुडिओत पैसे भरून मेंटेनन्स केलं नाही तर वॉरंटी रद्द, असं कलम शोधा. ओरखडे, पाण्याचे डाग, खडे यात धरलेत का ते वाचा. नसतील, तर भिंतीवरचं ‘स्क्रॅच-प्रूफ’ बिलावर लिहून मागा. बघा कसा टोन बदलतो! पक्कं बिल घ्याच. त्यावर बाटलीचं नाव, किती थर, करेक्शन केलं की नाही, हे सगळं हवं. ‘जीएसटी नको ना?’ या प्रश्नाला भुलून वाचवलेले पैसे नंतर महागात पडतात, कारण बिलच नसेल तर भांडायचं कशावर? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाईची तरतूद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, आणि वकीलही लागतोच असं नाही.

टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेली असेल तर मात्र हा सगळा विषय बाजूला ठेवा आणि आधी टायर बदला. ते करूनही कोटिंगला पैसे उरत असतील तर जरूर करा, हौसेला मोल नसतं. पण गाडी ताब्यात घ्यायला संध्याकाळी स्टुडिओच्या मऊ दिव्यांखाली जाऊ नका. दुपारी जा, गाडी उन्हात बाहेर काढायला सांगा, मोबाइलचा टॉर्च लावून बॉनेट तिरकं बघा, दरवाज्यांच्या कडा बघा, घासण्याआधीची आणि नंतरची रीडिंग मागा. उरलेले पैसे त्यानंतर द्या.