साइटवर 'नाही' कोण म्हणणार?

आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजात 'प्लेसमेंट' म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? शेवटचं वर्ष, कडक इस्त्रीचा शर्ट, मित्राकडून उसना आणलेला टाय, ॲप्टिट्यूड टेस्ट आणि संध्याकाळी लागणारी यादी. ब्रिटनमध्ये हाच शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. तिथल्या सिव्हिलच्या विद्यार्थ्याला 'प्लेसमेंट इयर' म्हटलं की पदवीच्या मधलं एक वर्ष आठवतं. आधी दोन वर्षं वर्गात, मग एक वर्ष एखाद्या कंत्राटदाराकडे किंवा डिझाइन ऑफिसात पगारी काम, आणि मग शेवटच्या वर्षाला परत कॉलेज. दोन्ही बाजूंना वर्ग आणि मध्ये काम, म्हणून याला 'सँडविच कोर्स' म्हणतात. शब्द एकच, पण आपण तो नेऊन ठेवला पदवीच्या शेवटी आणि त्यांनी ठेवला मधोमध. माझं म्हणणं असं की निदान सिव्हिलपुरता तरी आपणही तो मधोमध आणायला हवा. आणि तोसुद्धा नावापुरता नाही.

हे सांगणारा मी कोण? तर डिग्रीने सिव्हिल, पोटापाण्याने आयटी. हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीच्या कँटीनमध्ये जाऊन "सिव्हिलवाले कोण कोण?" असं ओरडलात तर माझ्यासारखे दोन-चार हात नक्की वर होतील :) त्यामुळे दोन्हीकडचा नवखा माणूस कसा असतो, ते मी जवळून बघितलंय.

आयटीत नवखा माणूस लागला की आधी काही महिने नुसतं ट्रेनिंग असतं, आणि त्या काळातही पगार मिळतो. मग प्रोजेक्टवर गेल्यावर त्याने लिहिलेला कोड कुणीतरी सीनियर वाचतो, टेस्टिंगवाले झोडपतात, आणि इतकं होऊन काही बिघडलंच तर कालचं व्हर्जन परत चढवता येतं. आता सिव्हिलचा नवखा बघा. माझे जे वर्गमित्र साइटवर गेले, त्यातल्या कित्येकांना पहिल्याच आठवड्यात हेल्मेट, ड्रॉइंगची गुंडाळी आणि मुकादमाचा फोन नंबर देऊन सांगितलं गेलं, "परवा स्लॅब आहे, बघून घे." स्लॅबला कालचं व्हर्जन नसतं. एकदा काँक्रीट पडलं की आत गज किती होते, कव्हर ब्लॉक लावले होते की नाही, हे त्या स्लॅबच्या पोटातच राहतं. वर माणसं राहायला येतात. पन्नास वर्षांसाठी.

"पण आता इंटर्नशिप सक्तीची आहे की!" हो, आहे. एआयसीटीईने २०१८ च्या मॉडेल अभ्यासक्रमात बी.टेक.चे क्रेडिट १६० वर आणले आणि इंटर्नशिपला त्यात जागा दिली. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर तर शेवटच्या वर्षातला मोठा तुकडा बाहेरच्या कामाला देण्याचीही भाषा आली. कागदावर सगळं छान आहे. प्रत्यक्षात काय होतं ते कुठल्याही सिव्हिलच्या पोराला खाजगीत विचारा. काकांच्या ओळखीचा बिल्डर, त्याच्या लेटरहेडवर चार ओळींचं सर्टिफिकेट, आणि मागच्या बॅचच्या रिपोर्टमधली नावं बदलून केलेला नवा रिपोर्ट. जी पोरं प्रामाणिकपणे जातात त्यांचीही मिळते ती उन्हाळ्यातली चार-सहा आठवड्यांची फेरी. उरलेला वेळ साइट ऑफिसच्या पत्र्याखाली चहा.

बरं, सहा आठवडे मन लावून केले तरी पुरतात का? साधं गणित करू. काँक्रीटची ताकद आपण २८ दिवसांनी मोजतो. स्लॅब टाकताना १५० मिलिमीटरचे क्यूब भरायचे, पाण्यात ठेवायचे आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मशिनखाली फोडायचे. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. पहिल्या आठवड्यात तुम्हाला साइटवर कुणी ओळखत नाही. दुसऱ्या आठवड्यात गजांची बांधणी तपासायला शिकलात, चौदाव्या दिवशी स्लॅब पडला, तर बेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे निरोपाच्या दिवशी, क्यूबचा आकडा हातात येणार. तो कमी आला तर पुढे काय करतात? ते बघायला तुम्ही तिथे नसणार. म्हणजे स्वतःच्या डोळ्यांदेखत पडलेल्या एका स्लॅबची गोष्टसुद्धा पूर्ण होत नाही. शिवाय ही फेरी मे-जूनमधली. पाऊस सुरू होऊन पायाच्या खड्ड्यात पाणी भरायला लागलं, की पोरं कॉलेजात परत. नेमकं शिकण्यासारखं असतं तेव्हाच.

इथपर्यंतचं बहुतेकांना पटतं. पण त्यावर जे उत्तर येतं ते मला अर्धवट वाटतं. "मुलांना प्रॅक्टिकल नॉलेज हवं" असं सगळेच म्हणतात. ओळंबा कसा धरायचा, स्लंप कसा घ्यायचा, शटरिंग कधी काढायचं. अहो, हे सगळं आयएस ४५६ मध्ये लिहिलेलं आहे. स्लॅबला कव्हर २० मिलिमीटर, कॉलमला ४०, हे पाठ करायला वर्ग पुरतो. लॅबमध्ये स्लंपचा ३०० मिलिमीटरचा कोन प्रत्येकाने एकदा तरी उचललेला असतो. साइटवर जाऊन शिकायची गोष्ट वेगळीच आहे.

माझ्या इंटर्नशिपमधला एक दिवस सांगतो. स्लॅब अर्धा पडला होता. पुढची आरएमसीची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकून बऱ्याच उशिरा आली आणि माल घट्ट झालेला. पंपवाला म्हणाला, "साहेब, दोन बादल्या पाणी मारू या, मस्त चालेल." खरंच चालतं ते. माल पाण्याने सैल होतो, पंप चालतो, सगळे वेळेवर घरी जातात. फक्त पाणी वाढलं की सिमेंटच्या मानाने त्याचं प्रमाण बिघडतं आणि ताकद उतरते. आमचा साइट इंजिनिअर माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठा. त्याने स्लंप घेतला आणि सांगितलं, "गाडी परत."

मग जो काही दंगा झाला! पंप थांबला, पंधरा-वीस माणसं हात बांधून उभी, ठेकेदाराचा फोनवर फोन. आणि 'गाडी परत' म्हणणं इतकं सोपं नसतं, कारण काम मध्येच थांबलं की जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये कोल्ड जॉइंटची भीती. म्हणजे हो म्हणणं चूक, आणि नुसतं नाही म्हणून गप्प बसणंही चूक. तेवढ्यात प्रोजेक्ट इंजिनिअर आले, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी स्लंप बघितला, गाडीचं चलन बघितलं, आणि आवाज न चढवता सांगितलं की पुढची गाडी वेळेत येणार नसेल तर जॉइंट कुठे घ्यायचा. शिअर कमी असतं तिथे, स्पॅनच्या मधल्या तिसऱ्या भागात, सरळ फळी लावून. ठेकेदाराचा फोन त्यांनी स्वतः घेतला.

तो ज्युनिअर त्या दिवशी 'नाही' म्हणू शकला, कारण त्याच्या मागे कुणीतरी उभं होतं. आता हीच गाडी रात्री साडेअकराला आली असती, साइटवर तो एकटाच असता, आणि समोर त्याच्या वडिलांच्या वयाचा ठेकेदार "काय पोरा, कालचा आलास आणि मला शिकवतोस?" म्हणत उभा असता तर? माझ्या मते सिव्हिलच्या विद्यार्थ्याने साइटवर शिकायची गोष्ट ही आहे. नाही कधी म्हणायचं, कशाच्या आधारावर म्हणायचं आणि नाही म्हटल्यावर काम पुढे कसं न्यायचं. हे पुस्तकातून येत नाही आणि एकट्याला साइटवर सोडूनही येत नाही. पाठीशी कुणी असताना, चार-पाच वेळा करून बघितलं की येतं. त्यासाठी सहा आठवडे अपुरे आहेत. सलग सहा महिने तरी पाहिजेत.

मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी कोसळला. त्याआधीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये हा पूल किरकोळ दुरुस्तीच्या यादीत होता. महाडची तारिक गार्डन इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी पडली, १६ जणांचा जीव गेला. प्रत्येक दुर्घटनेची कारणं वेगळी असतात आणि ती सगळी शिक्षणाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक पुलाच्या आणि इमारतीच्या फाइलमध्ये कुठेतरी इंजिनिअरची सही असते. ती सही करणाऱ्या माणसाला त्याच्या पूर्ण शिक्षणात एकदाही 'मी सही करणार नाही' असं म्हणायची वेळ आलेली नसेल, तर ती पहिली वेळ नोकरीत येते. समोर हप्ते, बढती आणि बदली उभी असताना.

गंमत म्हणजे आपल्या सिव्हिल शिक्षणाची सुरुवातच साइटवरून झाली. १८४७ मध्ये रुरकीला कॉलेज निघालं ते गंगा कालव्याचं काम शेजारी चालू होतं म्हणून. १८५४ मध्ये पुण्यात जे इंजिनिअरिंगचे वर्ग सुरू झाले, म्हणजे आजचं सीओईपी, ते सार्वजनिक बांधकामांसाठी हाताखालची माणसं तयार करायला. काम आधी होतं, वर्ग नंतर आले. पुढे कधीतरी वर्ग भिंतीआड गेला आणि 'सँडविच' हा शब्द आपल्याकडे राहिला तो मुख्यतः प्रॉडक्शन नि मेकॅनिकलवाल्यांकडे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाने १९५७ मध्ये सुरुवात केली तीच को-ऑप पद्धतीने. तिथे आजही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी चार महिने वर्ग, चार महिने काम असं आलटून पालटून करतात. सिव्हिलवालेही त्यातच. पदवीला पाचेक वर्षं लागतात, पण बाहेर पडणाऱ्याच्या गाठीला दीड-दोन वर्षांचं पगारी काम असतं.

यावर हमखास येणारे आक्षेप मला माहीत आहेत.

एक, "बिल्डर पोरांना घेतच नाहीत." खाजगी बिल्डर कशाला घेईल? पण पीडब्ल्यूडी, जलसंपदा, महापालिका, मेट्रो यांची कामं तर जनतेच्या पैशातून चालतात. टेंडरमध्ये सिमेंटच्या गोणीपासून साइटवरच्या लॅबपर्यंत सगळ्याच्या अटी असतात. त्यात आणखी एक घाला. अमुक कोटींच्या वरच्या कामावर इतके विद्यार्थी सहा महिने, विमा आणि सेफ्टी ट्रेनिंगसकट.

दोन, "फुकटचे मजूर म्हणून राबवतील." अगदी बरोबर, म्हणून पैसे दिलेच पाहिजेत. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, पदवीधर त्यात १९७३ च्या दुरुस्तीने आले. २०१९ च्या नियमांत पदवीधर उमेदवाराला महिना किमान ९,००० रुपये ठरले आणि त्या किमान रकमेतला निम्मा वाटा केंद्र सरकार परत देतं. बहुतेक मुलं ही उमेदवारी करतात ती पदवीनंतर. पैशाची तीच वाट पदवीच्या आत आणा. आणि खरं सांगू का, माझ्यासारखे इतके सिव्हिलवाले आयटीत का येतात याचं अर्धं उत्तर इथेच आहे. एकीकडे शिकताना पगार, दुसरीकडे शिकताना चहा.

तीन, "मुलींना साइटवर कसं पाठवणार?" हा प्रश्न काळजीने विचारला जातो आणि शेवटी मुलीलाच भोवतो. माझ्या वर्गातल्या मुलींना साइटवर "मॅडम, तुम्ही ऑफिसात ड्रॉइंग बघा" असं ऐकून घ्यावं लागलं, आणि कारण काय, तर साइटवर बायकांसाठी धड संडास नाही. ओळखीपाळखीच्या इंटर्नशिपमध्ये हे कुणी विचारत नाही. कॉलेजने करार केला तर ती पहिली अट असू शकते. आणि त्याच साइटवर घमेली उचलणाऱ्या बायकांचीही सोय होईल, ज्यांच्याबद्दल असा काळजीचा प्रश्न आजवर कुणी विचारलेला मी ऐकला नाही.

चौथी गोष्ट माझीच. मार्क कशाला द्यायचे? रिपोर्टला नकोत. विद्यार्थ्याने रोज साइट डायरी लिहावी. आज काय झालं, काय तपासलं, काय अडवलं, कुणी ऐकलं, कुणी नाही ऐकलं. शेवटी बाहेरच्या अनुभवी इंजिनिअरने ती डायरी समोर ठेवून तासभर तोंडी परीक्षा घ्यावी. "या तारखेला पाऊस होता ना, मग ताज्या स्लॅबचं काय केलंस?" कॉपी केलेल्या डायरीला या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही.

असो. तुमच्यापैकी कुणी साइट चालवत असाल, तर या वर्षी सर्टिफिकेट मागायला आलेल्या पोराला किंवा पोरीला नुसतं सर्टिफिकेट देऊ नका. एक स्लॅब त्यांना सुरुवातीपासून क्यूब फुटेपर्यंत बघू द्या. गजांची बांधणी तपासायला लावा. आणि त्यांनी काही अडवलं, तर ठेकेदाराचा फोन तुम्ही घ्या.